पहिल्या दुधाआधी

सर वाईट होते, असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर फार बरं झालं असतं. वाईट माणसाला शिव्या घालता येतात आणि मग विसरताही येतं. सरांची तशी सोय नाही. आजही मी विरजण लावताना एका वाटीत नुसतं दूध वेगळं ठेवते, विरजण न घालता. नवरा हसतो. त्याला म्हणते, ही कोरी वाटी आहे, उद्या दही बिघडलं तर दोष दुधाचा की विरजणाचा ते कळेल. ही सवय सरांची. माझ्या हाताला वळण त्यांनी लावलं, आणि स्वतःची चूकही शेवटी त्यांनी माझ्याच हातावर ठेवली.

आमची प्रयोगशाळा मुसफ्फात होती. मुसफ्फा म्हणजे अबू धाबीच्या कडेचा कारखान्यांचा भाग: गॅरेजं, वेल्डिंगच्या शेड, कामगारांचे कॅम्प आणि सकाळ-संध्याकाळ माणसं ओतणाऱ्या कंपनीच्या बसगाड्या. तिथे एका बैठ्या इमारतीत आम्ही खाण्याच्या पदार्थांत डुक्कर शोधायचो. चॉकलेट, जिलेटिन, सॉसेज, कबाब, काहीही येई. त्यात डुकराच्या मांसाचा किंवा चरबीचा अंश नाही ना, एवढंच सांगायचं. मुसलमानी देशात हा साधा प्रश्न नाही. आमच्या एका ओळीवर कुणाचं दुकान चालू राही, कुणाचं बंद होई.

आणि या प्रयोगशाळेचा प्रमुख कोण, तर ज्याने आपलं सगळं तारुण्य डुकराच्या पिल्लांवर ओवाळून टाकलं तो माणूस. सरांची पीएचडी नवजात डुकरांच्या यकृतावर होती. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या यकृतातले कोणते एन्झाइम जागे असतात, कोणते झोपलेले असतात, कोणता कधी डोळे उघडतो, हे त्यांनी एका पशुवैद्यकीय कॉलेजच्या फार्मवर बसून मोजलं होतं. त्यातही त्यांचा जीव प्युरिनवर. प्युरिन म्हणजे काय हे ते कुणालाही सांगत. बसच्या ड्रायव्हरला सांगत, एचआरमधल्या फिलिपिनो मुलीलाही सांगत.

"पेशी मेली की तिच्यातून प्युरिन निघतं," ते म्हणायचे. "घरातलं माणूस गेल्यावर त्याचं सामान निघतं ना, तसं. ते सामान मोडून-तोडून बाहेर टाकायचं काम यकृताचं. शेवटची मोडतोड करणारा एक एन्झाइम आहे. डुकराकडे आहे. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे नाही, शेख साहेबांकडेपण नाही."

हे खरंच आहे. माणसाकडे तो शेवटचा एन्झाइम नसतो. त्यामुळे आपलं काम युरिक ॲसिडपाशी अडतं आणि ते फार साचलं की सांध्यांत खडे होऊन बसतं. त्याला गाऊट म्हणतात. सरांना गाऊट होता. उजव्या पायाचा अंगठा महिन्या-दोन महिन्यांनी टोमॅटोसारखा लाल व्हायचा आणि मग सर डाव्या पायात पॉलिश केलेला बूट आणि उजव्या पायात रबरी सपाता घालून यायचे. ऑडिटला युरोपातून माणसं आली तरी तसेच. "डुक्कर माझ्यापेक्षा एका एन्झाइमने पुढे आहे," हे वाक्य त्यांनी ऑडिटरलाही ऐकवलं होतं. तो बिचारा हसावं की लिहून घ्यावं या विचारात पडला.

जेवणाच्या वेळी ते आमच्या डब्यांतलं प्युरिन ज्योतिषासारखं पाहत. "मसूर? भोगशील. मशरूम? अरे वा, वाढदिवस आहे का अंगठ्याचा?" स्वतः दहीभात खायचे. आमटी आणलीच तर डाळ खाली बसू द्यायची आणि वरचं पाणी तेवढं प्यायचं. पक्के शाकाहारी. पण दर शुक्रवारी सुपरमार्केटात जायचे, तिथे मागच्या बाजूला मुस्लिमेतरांसाठी वेगळी खोली असते, तिच्यात शिरायचे आणि डुकराच्या मांसाची पाकिटं चष्मा वर करून न्याहाळायचे. एकदा मी आणि नवरा खरेदीला गेलो होतो तेव्हा सर तिथून बाहेर येताना दिसले, हातात फक्त ताकाची बाटली. नवऱ्याला वाटलं, चोरून खात असतील. मी सांगितलं, नाही, नातेवाइकांना भेटून आले.

मी नोकरीला लागले तेव्हाची मुलाखत अजून जशीच्या तशी आठवते. डिग्री त्यांनी विचारलीच नाही.

"इथे येऊन किती दिवस झाले?"

"तीन आठवडे, सर. मिस्टर आधीपासून आहेत."

"म्हणजे तुझा स्वतःचा पहिला पगार?"

"अजून कुठला सर?"

"म्हणजे पहिल्या दुधाआधी!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "गुड. अजून कोरी आहेस."

त्यांचं हे लाडकं वाक्य होतं. पहिल्या दुधाआधी की नंतर? पिल्लाने आईचं पहिलं दूध प्यायलं की त्याचं यकृत बदलायला लागतं, एकेक एन्झाइम जागा होतो. म्हणून खरं नवजात यकृत हवं असेल तर पिल्लू आचळाला लागायच्या आत घ्यावं लागतं. सर हा प्रश्न कशालाही लावत. नवीन मॅनेजर आला, पहिल्या दुधाआधी की नंतर? म्हणजे याला अजून इथली चटक लागली की नाही. त्या दिवशी त्यांनी मला कोरी म्हटलं तेव्हा मी खूश झाले, घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. कोरं यकृत कशासाठी लागतं हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

ते पुढे एकदा जेवताना त्यांनीच सांगितलं. थंडीचे दिवस, फार्मवर डुकरीण विणार म्हणून सर शेडमध्ये घोंगडी घेऊन बसलेले. पिल्लू बाहेर आलं की टॉवेलात घ्यायचं, पुसायचं, पोटाशी धरून ऊब द्यायची. "डुकराचं पिल्लू जन्मतानाच डोळे उघडून येतं," ते म्हणाले. "मांजरासारखं नाही. ते बघतं तुझ्याकडे. आणि तोंडाने शोधत असतं." इथे त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या बटणाशी बोट नेलं. "मग मी त्याला न्यायचो. दुधाआधी."

सरांनी डबा धुतला, पुसला आणि कामाला गेले. तेव्हा मला त्यांची फार माया आली होती. आज लाज नाही वाटत त्याची. येण्यासारखीच होती.

त्या पिल्लांच्या यकृताची कोरडी पूड सरांनी जपून ठेवली होती. तपकिरी काचेची बुटकी बाटली, बूच मेणाने बंद. ती भारतातून अबू धाबीला कशी आणली, कुठले कागद दाखवले, देव जाणे. पण आमच्या प्रयोगशाळेत डुकराचा खात्रीचा नमुना म्हणून तीच वापरली जाई. म्हणजे असं की दर तपासणीत दोन नळ्या जास्तीच्या लावायच्या. एकीत खात्रीने डुक्कर, म्हणजे यंत्राला डुक्कर ओळखता येतंय हे कळतं. दुसरी कोरी, तिच्यात काहीच नाही. कोऱ्या नळीत डुक्कर दिसलं तर सगळं काम कचऱ्यात. खात्रीचा नमुना बाजारात तयार मिळायचा, पण सरांना तो चालत नसे. "कुठल्या डुकराचा, कुठल्या वयाचा, कोण जाणे. माझं पिल्लू मला माहीत आहे."

आता नियम सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे. आमच्या तीन खोल्या होत्या, एकीला लागून एक. पहिल्या खोलीत रसायनं, तिथे कुठलंच मांस जायचं नाही. दुसऱ्यात लोकांकडून आलेले नमुने. तिसऱ्यात सरांची पूड आणि यंत्र. डुकराचा इतका लहानसा कण पुरतो की तो कपड्यावरून, हातमोज्यावरूनही पसरतो. म्हणून एकच दिशा. पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. तिसरीत गेलेल्या माणसाने मागच्या दाराने उन्हात बाहेर पडायचं, हातमोजे-कोट टाकायचे, इमारतीला वळसा घालून पुढच्या ऑफिसात यायचं, आणि त्या दिवशी पुन्हा नमुन्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. खोल्यांमध्ये मधलं दार होतं, पण ते आग लागली तर, तेवढ्यापुरतं. सरांनी त्यावर मराठीत, इंग्रजीत आणि कुणाकडून तरी लिहून घेऊन अरबीत चिकटवलं होतं: परत फिरायचं नाही.

ही त्यांची गीताच होती. इथे प्रत्येक माणूस पुढच्या वर्षी गावी परत जाणार असतो. सर म्हणायचे, "गल्फमध्ये कुणी परत जात नाही. पुढच्या खोलीत जातो." आमच्यातला एक केरळी सहकारी एकदा मोबाईल दुसऱ्या खोलीत विसरून तिसरीत गेला. त्याची बायको तिकडे कोट्टायमला बाळंतपणाला अडलेली. फोन मधल्या दाराच्या काचेपलीकडे वाजतोय, हा काचेला नाक लावून उभा. मी म्हटलं, "सर, मी अजून तिसरीत गेले नाही, मी आणून देते बाहेरून." सर म्हणाले, "नाही. नियम अंगात मुरायचा असेल तर दुखला पाहिजे." मुलगी झाल्याचं त्या माणसाला संध्याकाळी बसमध्ये कळलं. दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच्या खर्चाने पेढे वाटले आणि म्हणाले, "नियमाने जन्मलेली मुलगी." तो हसला. सगळे हसले. मीही हसले असेन.

तो ऑगस्टचा दिवस होता. बाहेर असं ऊन की गाडीच्या दाराला हात लावला तर फोड यावा. मी दुसऱ्या खोलीत कबाबचे नमुने करत होते. नळ्या रॅकमध्ये उघड्या, डाव्या टोकाला कबाबच्या, उजव्या टोकाला कोरी. एवढ्यात मधलं दार उघडलं आणि सर आत आले. तिसऱ्या खोलीतून. ते तिथे आपली पूड तोलत होते. हातात मोजे तसेच.

"सर? तुम्ही ह्या दाराने?"

"पाय बघ माझा," ते म्हणाले. उजवा अंगठा सपातेच्या बाहेर आलेला, लालभडक. "गोळी केबिनमध्ये राहिली. बाहेरून वळसा घालून मरू का ह्या उन्हात?"

आणि कळ आली म्हणून त्यांनी माझ्या टेबलावर हात टेकला. रॅकच्या डाव्या टोकाशी. दोन-चार श्वास तसेच उभे राहिले, मग लंगडत पुढच्या दाराने गेले.

मी लगेच म्हटलं, मागे जाऊन म्हटलं, "सर, हे नमुने मी टाकते आणि नवीन पाकीट फोडते."

"कशाला? मी कशाला हात लावलाय? टेबलाला धरलं मी. कोरी नळी लावली आहेस ना? ती सांगेल."

कोरी नळी स्वच्छ निघाली. कबाबमध्ये डुक्कर निघालं. मी पुन्हा सांगितलं, पाकीट नवीन घेऊया. सर म्हणाले, त्याच नळ्या पुन्हा लाव. पुन्हा तेच आलं. येणारच, घाण नळीतच पडलेली होती. "बघ," ते म्हणाले, "कोरी स्वच्छ, कबाब पॉझिटिव्ह. डेटा बोलतो, आपण नाही बोलायचं." आणि त्यांनी सही केली. आयुष्यभर कोऱ्या नळीवर इतका विश्वास ठेवला की ती त्यांच्या हातापासून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती, हे त्यांना दिसलं नाही. किंवा दिसलं. मला अजून ठरवता येत नाही.

कबाब ज्यांचे होते ते चाचा. रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. मुसफ्फातच छोटं स्वयंपाकघर होतं त्यांचं. मटणाचे कबाब गोठवून कॅम्पच्या मेसमध्ये आणि किराणा दुकानांत द्यायचे. आमच्या अहवालानंतर त्यांचं स्वयंपाकघर बंद झालं. चाचांनी दाद मागितली, त्याच मालाचं दुसरं पाकीट दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलं आणि तिथे काही सापडलं नाही. स्वयंपाकघर पुन्हा उघडलं. पण कागद धुतला म्हणून लोकांची तोंडं धुतली जात नाहीत. एव्हाना सगळ्या मुसफ्फात झालं होतं की ह्याच्या कबाबात हराम निघालं.

चाचा एकदा आमच्या ऑफिसात आले. मी मराठी बोलते हे कळल्यावर माझ्याकडेच वळले. पांढरी टोपी हातात चुरगळत होते.

"मॅडम, धंद्याचं सोडा. रिझिक, रोजीरोटी, अल्लाच्या हातात. पण रमजानमध्ये आमच्याकडून इफ्तारचं ताट मशिदीत जातं दरवर्षी. माझी घरवाली करते. या वर्षी ताट परत आलं. झाकलेलं तसंच. कोणी कपडासुद्धा उचलला नव्हता." त्यांनी टोपीच्या चुण्या सरळ केल्या. "तुमच्या साहेबांना सांगा, एकदा या. जुम्म्याच्या नमाजनंतर आमच्या लोकांसमोर दोन मिनिटं बोला. म्हणा, चूक आमची होती. बस. मला नुकसानभरपाई नको, माफी नको. तोंडाने बोला फक्त."

मी सांगते म्हटलं. केबिनचं दार बंद होतं, सर आत होते, आणि भिंती पातळ होत्या.

मग चौकशी झाली, कारण दुसऱ्या प्रयोगशाळेने आम्हाला खोटं पाडलं होतं आणि कंपनीला एक नाव हवं होतं. त्या दिवसांत नवऱ्याची नोकरी गेली होती, घरातले तिघेही माझ्या व्हिसावर होतो, मुलगा शाळेत. माझं नाव लागलं तर सगळ्यांनाच सामान बांधावं लागणार होतं. सरांना हे माहीत होतं. मुलाच्या शाळेच्या बसचा थांबा कुठे हेसुद्धा त्यांना माहीत होतं.

मॅनेजरने विचारलं, काय झालं असेल? मी सगळं सांगितलं. दार, हातमोजे, टेबल. सगळे सरांकडे बघायला लागले. सर खुर्चीत बसलेले, उजवा पाय समोरच्या स्टुलावर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"द प्रोटोकॉल इज नोन टू एव्हरीवन," ते म्हणाले.

एवढंच. खोटं बोलले नाहीत. खोटं बोलले असते तर मी भांडले तरी असते. नियम सर्वांना माहीत आहेत, यात खोटं काय? आणि ज्या माणसाने नियम लिहिला तोच तो मोडेल कसा, असं मॅनेजरच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण त्याला कोण सांगणार? नमुन्यांच्या कागदावर नाव माझं होतं.

बाहेर आल्यावर सरांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते.

"ते बाटली काढून टाकतील," ते हळूच म्हणाले. "मी बोललो ना, तर पहिलं काय करतील? म्हणतील, ही असली घरची पूड इथे ठेवलीच कशी. जाळून टाकतील. मग ती पिल्लं मी कशाला मारली? सांग ना. कशाला मारली?"

जिवंत माणसांचा संसार एका बाजूला, दुसऱ्या बाजूला मेलेल्या पिल्लांची चिमूटभर पूड, आणि हा माणूस तराजू धरून उभा. तरी मी म्हटलं, "सर, माझं राहू दे. चाचांना तरी सांगा. त्यांच्या मशिदीत जाऊन दोन मिनिटं बोला."

"त्यांना सायन्स कळणार आहे का?"

"चूक झाली एवढं कळेल."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नवीन यकृत आहे तुझं. सुरुवातीला जड जातं. हळूहळू पचेल."

मी हात झटकला. त्या आठवड्यात माझी नोकरी गेली. नवऱ्याला अगदी शेवटच्या घटकेला दुबईत काम मिळालं म्हणून आम्ही टिकलो, अल बर्शात घर घेतलं. मला कुठल्याच प्रयोगशाळेत घेतलं नाही. ही लाइन लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. मी दहावी-बारावीच्या मुलांच्या केमिस्ट्रीच्या शिकवण्या घ्यायला लागले. चाचांचं स्वयंपाकघर काही दिवसांनी त्यांनी स्वतःच बंद केलं आणि पुतण्याच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसायला लागले. ईदला त्यांचा फोन येतो. "मॅडम, साहेब काही बोलले का?" हे विचारतातच. मी म्हणते, नाही अजून. ते म्हणतात, इन्शाल्ला.

या वर्षी दुबईतल्याच ऊद मेथाला, भारतीय लोकांच्या एका सभागृहात, शाळांचा विज्ञान दिवस होता. माझा मुलगा आता अकरावीत, त्याचं मॉडेल होतं, म्हणून गेले. कार्यक्रमपत्रिका पाहिलीच नव्हती. स्टेजवर पाहुणे म्हणून सर. केस पांढरे झालेले, सूट, आणि पायांत दोन्ही बूट.

बोलले मात्र सुरेख. आधी पिल्लाचं यकृत, मग प्युरिन, मग माणसाकडे नसलेला तो एन्झाइम, मुलं खदाखदा हसत होती. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि तीन खोल्या सांगितल्या. परत फिरायचं नाही, हे सांगितलं.

"आमच्या लॅबमध्ये एक मुलगी होती," सर म्हणाले. "व्हेरी ब्राइट. माझ्या मुलीसारखी. एक दिवस घाईत ती मधल्या दाराने परत आली. एकच दिवस. आणि एका गरीब, प्रामाणिक माणसाचं नाव खराब झालं." त्यांचा आवाज खरोखर अडला. "मुलांनो, त्या मुलीवर मी आजही रागावलेलो नाही."

शेजारच्या बाई रुमाल शोधायला लागल्या. हा माणूस थापा मारत नव्हता. त्याने गोष्ट इतक्या वेळा घोळवली होती की ती मोडून, बदलून, त्याच्या पोटात नीट बसली होती. मला वाटत होतं त्याला ती आतून कुरतडत असेल. कुठलं काय, त्याला ती कधीच पचून गेली होती.

मुलगा माझ्याकडे वळला. "आई, इज दॅट यू?"

"मुलगी मी. दाराने आले ते सर."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "देन से इट."

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मी हात वर केला. माइक आला. सरांनी मला ओळखलं की नाही कळलं नाही, दिवे त्यांच्या डोळ्यांवर होते. भाषण ठोकायचं, नाव घ्यायचं, असं खूप काही मनात आलं होतं. पण मी त्यांचीच विद्यार्थिनी. त्यांनी शिकवलं होतं, आरोप करू नकोस, मोजता येईल असं विचार.

"सर," मी म्हटलं, "त्या दिवशी तुमच्या कुठल्या पायाला सूज होती?"

"उजव्या," सर म्हणाले.

लगेच म्हणाले. नेमका प्रश्न विचारला की नेमकं उत्तर, ही त्यांची जन्माची खोड. शब्द बाहेर पडला आणि मग त्यांना तो ऐकू आला. त्यांनी मान खाली घालून आपल्या उजव्या बुटाकडे पाहिलं. पाहतच राहिले.

मुलीच्या गोष्टीत सरांचा पाय कुठून आला, हे सभागृहात कुणाला कळलं नाही. दोघं-तिघं हसली, त्यांना वाटलं गाऊटचा विनोद आहे. सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, "ओके, नाऊ वन फ्रॉम द किड्स," आणि एका लहान मुलीने विचारलं की त्या पिल्लांना दुखायचं का. सर अजून खालीच बघत होते.

मी बाहेर पायऱ्यांवर आले आणि चाचांना फोन लावला.

"चाचा, साहेब बोलले."

"बोलले?" पलीकडे गल्ल्याचा खण बंद झाल्याचा आवाज आला. "सगळ्यांसमोर?"

"भरल्या सभेत. माइकवर."

"अल्हम्दुलिल्ला. काय बोलले, मॅडम?"

मी सांगितलं. ते दार, तो अंगठा, माझा प्रश्न आणि सरांचा तो एक शब्द. सांगता सांगताच तो माझ्या तोंडात लहान होत गेला. दुकानात कुणी तरी दूध मागत होतं.

"मॅडम," चाचा म्हणाले, "रमजान जवळ आलाय. ताट पाठवताना लोकांना हेच सांगू का, 'उजव्या'?"